ट्रेनिंगले गेलेले भागवत सर

भागवत सर तुम्हाले शिकवतानी एकदा जरी भेटले असतीन, तं तुमचं नशीब माह्यापेक्षा साजरं.

इस्तरीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. काम काय, तं ज्या लेकरायले बोलता येत नाही त्यायले बोलाले शिकवायचं. तालुक्याच्या सरकारी केंद्रातल्या त्याच्या खोलीत लेकराले बसाले चटई नाही, पण भिंतीवर सर्टिफिकिटं चाळीस, सगळी लॅमिनेशन केलेली. म्या मोजली. मोजाले टाइम भरपूर होता, सर कुठं होते तिथं?

माही काजल पाच वर्षाची झाली तरी नुसतं आ-ऊ करे. डॉक्टर म्हणे, कान चांगले हायेत, बोलणं शिकवणाऱ्याकडं न्या. म्हणून दर गुरुवारी एसटीनं पाऊण तास जायची. पहिल्या गुरुवारी सर भेटले, दहा मिनिटं. काजल माह्या खांद्यावर झोपली होती. त्यायनं रजिस्टरात नाव लिहिलं, पुढं लिहिलं 'बोलत नाही', अन् म्हणाले, पुढच्या वेळी सुरू करू. त्यानंतर अकरा गुरुवार शिपाई एकच सांगे, "सर ट्रेनिंगले गेले."

"कायचं ट्रेनिंग?"

"लेकरायले कसं शिकवायचं, त्याचं."

मले हसू नाही आलं, संताप आला. हा माणूस शिकून राह्यला, शिकूनच राह्यला, अन् माही पोट्टी मुकी बसून.

मंग म्या जाणंच सोडलं. मी शिलाई करते. काजलले बटनायसंग खेळाले लय आवडे. म्या बटनाचा डबा फळीवर ठेवला. तोंडानं मांगतल्याशिवाय बटन नाही. ती रडली, मी बी रडली. नवव्या दिवशी ती "बट" म्हणाली. मंग दोरा, मंग कात्री, मंग "माय, दे." सालभरात पोट्टी शेजारणीसंग भांडाले लागली.

पहिलीत नाव टाकाले गेली तं हेडमास्तर अर्जुनराव म्हणे, "केंद्राच्या कागदावर 'बोलत नाही' असं हाये. भागवत सरायची सही आणा बोलते म्हणून, नाहीतर दूरच्या निवासी शाळेत धाडा." सहा वर्षाचं लेकरू वसतिगृहात? म्या सरायले फोन लावला.

फोनवर सर एकदम गोड. "काजल बोलते? वा, छायाताई! खामगावला आमचं ट्रेनिंग आहे, तिथं मला माझी यशोगाथा सांगायची आहे. तिला घेऊन या, सही तिथंच करतो."

आयत्या बिळावर नागोबा. पण सही त्याच्या हाती होती, म्हणून गेली.

मंगल कार्यालयात पन्नासक बोलणं शिकवणारे खुर्च्यायवर पेंगत होते. सर माईकवर सांगत होते, दर गुरुवारी या मुलीवर मी जिवापाड मेहनत घेतली. लाज कशी वाटली नाही बाप्पा. समोर नागपूरच्या मोठ्या मॅडम बसल्या होत्या. त्या हसून काजलले म्हणाल्या, "बेटा, हे कोण?"

काजलनं सरायकडं पाहिलं, गळ्यातल्या ओळखपत्राकडं पाहिलं, अन् साऱ्या हॉलले आयकू जाईन असं म्हणाली, "पाहुने."

मॅडमनं मले विचारलं, "सर हिला किती वेळा शिकवायला बसले?"

सर माह्याकडं पाहून मान हलवत होते. खोटं बोलली असती तं सही सुखानं भेटली असती. पण जीभ वळली नाही. "एकदा भेटले," म्या म्हटलं, "तवा पोट्टी झोपेत होती."

सही गेली, असंच वाटलं मले. तरी हिय्या करून शाळेचा कागद मॅडमच्या पुढ्यात ठेवला. "पोट्टी बोलते हे साऱ्यायनं आयकलं. आता सरायले सही कराले सांगा."

मॅडमनं सरायच्या हातात पेन दिला. त्यायनं खाली मान घालून सही केली.

जेवणं झाल्यावर सर्टिफिकिटं वाटली. सरायलेही भेटलं, माह्या मोजणीनं एक्केचाळिसावं.

एसटीत काजलनं विचारलं, "माय, ते पाहुने आपल्या घरी येतीन?"

"नाही बाई," म्या म्हटलं, "त्यायले ट्रेनिंग असते."