खिडकीचं ग्रील

मालिशच्या तेलाचा वास आला, की मुलुंडची आमची मागची खोली आठवते. सासऱ्यांचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा मी नोकरी सोडली, आणि पुढची दोन वर्षं आम्ही दोघंही त्या खोलीत अडकून पडलो. फोटोग्राफीचा क्लास मी मोबाईलवर करायचे. बाकीचे आरे कॉलनीत झाडं टिपायला जात, मी खिडकीपाशी बसवलेल्या सासऱ्यांना टिपायचे. मागच्या उजेडामुळे कॅमेऱ्याच्या ऑटो सेटिंगवर त्यांचा चेहरा दर वेळी काळा यायचा. एका दुपारी वैतागून मी कॅमेरा मॅन्युअलवर टाकला आणि शटर जास्त जास्त वेळ उघडं ठेवत गेले. चेहरा उजळला, मागची खिडकी पांढरीफटक झाली. त्यांनी फोटो निरखला. “ग्रील खंय गेला?” “उजेडात पुसलं गेलं, बाबा.” ते म्हणाले, “आता तू हंय बस. तुझो फोटो मी काढतंय.” मी त्यांना कॉटवर टेकवलं, कॅमेरा मांडीवरच्या उशीवर ठेवला आणि त्यांच्या जागी जाऊन बसले. डाव्या हाताने त्यांनी बटण दाबलं, आणि हात हललाच. आता ते नाहीत, मी हवं तिथे फिरते. पण त्या दोन वर्षांतला माझा फोटो तेवढाच आहे. धूसर आहे, तरी मी हसतेय हे कळतं.