कपाटातली ताठ वायर

आईची एक किडनी तुंबली होती. पाठीतून बारीक नळी घालून लघवीला वाट करून द्यायची होती. भूल तेवढ्या जागेपुरतीच. आई जागी राहणार आणि डॉक्टर सांगतील तेव्हा तिने श्वास रोखायचा. तिला ऐकू कमी येतं, पण मी कानाशी बोललो की कळतं. म्हणून आदल्या दिवशीच डॉक्टरांशी ठरवून घेतलं होतं, शिशाचा एप्रन घालून मी तिच्या उशाशी उभा राहणार. तिलाही तसा शब्द दिला होता.

सकाळी मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात मी एप्रन चढवत होतो, तर टेक्निशियन आला.

"काका, स्टिफ वायर संपलीय. भांडुपला डीलरकडे मिळेल. पटकन घेऊन या ना."

"पेशंट टेबलावर झोपल्यावर कळलं हे?"

"मऊ वायरने रस्ता सापडतो, पण नळी सरकवायला ताठ वायरच लागते. नाहीतर नळी आत वाकते."

मी विचारलं होतं ते हे नव्हतं. तरी एप्रन उतरवला, आईच्या कानात "आलोच" म्हटलं आणि रिक्षा पकडली.

डीलरच्या माणसाने पाकीट पुढे सरकवलं. मी लेबल वाचलं. लांबी बरोबर, जाडी बरोबर, पण 'स्टिफ' कुठेच नाही.

"सेम साइज आहे, साहेब. चालून जातं."

"तुझ्या आईच्या पाठीत चालव."

त्याने 'स्टिफ' लिहिलेलं दुसरं पाकीट काढलं.

परतलो तर दारावरचा लाल दिवा विझलेला. नळी बसवून झाली होती.

"अहो, कपाटात मागे एक वायर सापडली," टेक्निशियन म्हणाला. "डॉक्टर मग थांबले नाहीत."

"आणि मला फोन?"

"गडबडीत राहिला. काम झालं ना काका, आता टेन्शन कशाला?"

मला पळवण्याआधी यांना स्वतःचं कपाट नीट बघता आलं नाही. वायर सापडल्यावर फोनचे दहा आकडे दाबता आले नाहीत. माझं तिथे उभं राहणं त्यांच्या लेखी सामानाच्या यादीतच नव्हतं.

आईला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"सगळे माझ्यार ओरडत होते. खंय गेलंस रे?"

ही नळी काही महिन्यांनी बदलावी लागते. वायर मी परत केली नाही. टेक्निशियनला पाकीट दाखवून म्हटलं, "पुढच्या वेळी ही माझ्या पिशवीत असेल. आणखी काही कमी पडलं तर तू जायचं. मी तिच्या कानापासून हलणार नाही."