डावखुरा हिरो

आजकालचे सिनेमे मला आवडत नाहीत, हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे; कारण मी ते इंटरव्हलमध्ये थेटरातच उभा राहून सांगतो. संताप येतो हो. तीन तास अंधार. हिरो तोंडातल्या तोंडात पुटपुटणार आणि पुटपुटणं संपलं की ढोल. गेल्या महिन्यात एक पाहिला, त्यात हिरो माणसं मारत होता आणि व्हिलन आईच्या आठवणीनं रडत होता. अरे, शिव्या कोणाला घालायच्या हेच कळत नसेल, तर माणसानं तिकीट कशाला काढायचं?

माझ्या लहानपणचा तो सिनेमा असा नव्हता. (नाव सांगत नाही, त्यावरूनही भांडणं होतात.) वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात, आम्ही तिथल्या कॉलनीत. मैदानात पडदा बांधून तो दाखवला होता. मी दुसरीत होतो. त्यातला हिरो डावखुरा! पिस्तूल डाव्या हातात, व्हिलनच्या कानाखाली वाजवायची तीही डाव्याच हातानं. मी स्वतः डावखुरा. त्यापायी गुरुजींच्या छड्या आणि आईचे चिमटे खाल्लेले. त्या एका माणसाच्या भरवशावर मी माझा डावा हात टिकवला. आणि तो उजव्या हाताचा व्हिलन, त्याचा मी पन्नास वर्षं मनापासून राग केला.

सिनेमा पाहिला तो तेवढा एकदाच. पुढे टीव्हीवर लागायचा तेव्हा मी उठून जायचो. एवढ्या मोठ्या माणसाला डब्यात कोंबलेलं मला पाहवत नाही.

आता आमची नात चिमी, वय वर्षं सात, तीही डावखुरी. रोज जेवताना बायको तिचा डावा हात ताटातून बाहेर काढते, पोरगी मुसमुसते आणि माझं डोकं फिरतं.

"काहून तिच्या मागं लागली वं? माह्या पिक्चरमधला हिरो डावखुराच होता."

"लग्न झाल्यापासून ऐकून राहिली मी. तुमच्याशिवाय पाहिला कोणी?"

नेमका त्याच आठवड्यात तो सिनेमा नागपुरात पुन्हा लागला. बायकोनं निकाल दिला, "डावखुरा निघाला, तर पोरीले टोकणार नाही. नाही निघाला, तर तुम्ही मधात बोलायचं नाही." मी कबूल केलं. साक्षीला खापरखेड्याहून माझ्या थोरल्या बहिणीला, ताईलाही बोलावून घेतलं; तेव्हा मैदानात ती माझ्यासोबतच होती. थेटरात चिमी खुर्चीच्या टोकाला बसली होती.

हिरो आला. त्यानं पिस्तूल काढलं. उजव्या हातानं.

मी उभा राहिलो. "बंद करा! पिक्चर उलटा लावला यांनी!"

टॉर्च घेऊन मॅनेजर धावत आला. "काका, उलटा कसा असंन? सुरुवातीची नावं तर सुलटी दिसली."

"मग कंप्युटरवर हात बदलला तुम्ही हिरोचा. आजकाल काहीही करून राहिले लोकं."

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, बैठो ना यार, पिक्चर देखने दो."

"उलटा पिक्चर काय देखता?" मी मागे वळून त्यालाही सुनावलं.

तेवढ्यात ताईनं माझा शर्ट खाली ओढला. "खाली बस गा. आपण पडद्याच्या मागून पाहिला होता."

"म्हंजे?"

"समोर साहेब लोकायच्या खुर्च्या होत्या. आपण लेकरं पडद्याच्या मागं, सतरंजीवर. मागून सारं उलटंच दिसते."

"मग नावं उलटी दिसली नसती काय मले?"

"नावं इंग्रजीत होती. तुले सुलटी तरी कुठं येत होती?"

मी बसलो. मॅनेजर गेला. चिमीनं तेवढ्यात आपला डावा हात हळूच फ्रॉकखाली लपवला. ते पाहून मला स्वतःचाच असा राग आला की काय सांगू.

पडद्यावर मारामारी लागली. व्हिलन पुढे आला आणि त्यानं हिरोच्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली. डाव्या हातानं!

चिमी खुर्चीवर उभी राहिली. "आबा, हा पाहा ना आपला!"

मी टाळ्या वाजवल्या. काय करणार? पूर्ण थेटर हिरोच्या बाजूनं आणि आम्ही दोघं व्हिलनच्या. शेवटी तो मेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षं ज्याला शिव्या घातल्या, तो आमच्यातलाच निघाला.

घरी येऊन जेवायला बसलो. चिमीनं डाव्या हातानं वरणभात कालवला आणि आजीकडे पाहिलं. बायकोनं त्याच हाताजवळ लोणच्याची फोड वाढली. मला एकदम हुरूप आला.

"खरं सांगतो," मी म्हणालो, "या नव्या सिनेमात ना, हिरो कोण अन् व्हिलन कोण, काही समजतच नाही."

बायकोनं पोळी वाढता वाढता विचारलं, "कोणत्या बाजूनं पाहून राहिले तुम्ही?"