चर्चच्या दारातली राखण

तमाम पुणेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, युरोपातल्या एका भव्य, शेकडो वर्षं जुन्या चर्चच्या दारात पादत्राणं सांभाळण्याची कोणतीही सोय नाही. त्या दिवशी ती सोय मी होतो.

सहलीच्या गाइडने बसमध्येच सांगितलं होतं, "इथे बूट काढायचे नसतात." कसब्यातल्या नवख्या दुकानदाराने भाव सांगावा आणि आईने त्याच्याकडे बघावं, तसं तिने गाइडकडे पाहिलं. "त्यांचा देव त्यांचं चालवून घेत असेल. मी नाही बाई." पायरीवर बसून तिने सहलीसाठी घेतलेले नवेकोरे बूट उतरवले. मग सासूच्या धाकाने माझ्या बायकोने. मग "एकट्या आजींनीच काढायचे, बरं दिसत नाही," म्हणत बिबवेवाडीच्या काकूंनी. पाठोपाठ अख्खी बस मोज्यांवर आली.

आता, एकाने चपलांपाशी थांबायचं ही आपली रीत. आमच्या घरात तो एक नेहमी मीच. अर्ध्या महाराष्ट्रातली देवळं मी चपलांच्या बाजूने पाहिली आहेत. पण या चर्चमधली रंगीत काचांची गोल खिडकी पाहायचीच, असं मी पुण्यातच ठरवलं होतं. ती आतूनच बघायची असते. बाहेरून नुसती काळी दिसते.

"दहा मिनिटांत येते, मग तू जा," आई म्हणाली.

मी ढिगामागे बसलो. एक गोरं म्हातारं जोडपं थबकलं आणि अदबीने विचारू लागलं, बूट इथे काढायचे का? मी सवयीने जागा दाखवली. त्यांनी निमूट काढले. ते पाहून आणखी चौघांनी. धंदा जोरात होता.

आमची मंडळी परतली तेव्हा बस सुटायची वेळ झाली होती.

"काय ती खिडकी हो," काकू भारावून म्हणाल्या. "फरशीवर नुसता रंगांचा सडा."

"आई, मी आत गेलोच नाही."

"वर बघ." आईने बोट दाखवलं. "कळस दिसला? झालं दर्शन. पुण्य तेवढंच."

कळसाला दुरुस्तीसाठी खालपासून वरपर्यंत हिरवी जाळी गुंडाळली होती. मी जाळीला नमस्कार केला.

बुटाची नाडी बांधत काकू सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाल्या, "अहो, उद्याच्या चर्चलाही तुम्हीच बसाल ना? तुमचं लक्ष फार छान असतं."