दहा सेकंद

सई, ये, जवळ बस. निदान हे वाचताना तरी घाई करू नकोस, बाई. परगावी जाण्याआधी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी तू तुझं लिनक्स बसवलंस. “आजी, हे तुझं, ते माझ्या प्रोग्रामिंगचं.” तेव्हापासून रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, एक तुझी, एक माझी. कुठलं उघडू, असं विचारत यंत्र दहा सेकंद थांबतं. मी हात लावत नाही. आकडे उतरत जातात आणि माझंच उघडतं.

परवा दुरुस्तीवाला म्हणाला, “आजी, लिनक्स काढून टाकू? लवकर सुरू होईल.”

म्हटलं, “मला कुठे गाडी गाठायचीय?”

दोन वर्षं झाली. तुझ्या खोलीत आम्हीच गाद्या रचल्या गं. ते यंत्र मात्र अजून तुझी जागा धरून आहे. ये लवकर, आणि एकदा दहा सेकंद संपायच्या आत तूच बटण दाब.