तिसऱ्या मुक्कामाची वाळू

राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत मावशींचं बावीस वर्षं एकच काम होतं, फळा सांभाळायचं. नदीत उतरणाऱ्या प्रत्येक होडीला त्या गळ्यात घालायचा पितळी बिल्ला देत. होडी परतली, काउंटरवर बिल्ला पडला, की तो उचलून फळ्यावरच्या खिळ्याला टांगत. हंगाम संपताना सगळे खिळे भरले की वरच्या धरणाला फोन जायचा, दरवाजे उघडायचे आणि पुढचे सहा महिने काठची वाळू पाण्याखाली. एक खिळा जरी रिकामा असला, तरी वरून थेंब सुटत नसे.

म्हणजे सगळी पंगत उठेपर्यंत वाढपी उपाशी, तशी मावशींची गत; हंगामभर काउंटर सुटायचं नाही, आणि हंगाम संपला की वाळूच उरायची नाही. नाकाची सालं निघालेले, हाताला फोड आलेले लोक काउंटरला टेकून नदीवरच्या तिसऱ्या मुक्कामाचं वर्णन करत. कुणी म्हणे तिथली वाळू पांढरीशुभ्र, कुणी म्हणे राखेसारखी. एक शाळामास्तर म्हणाले होते, "अनवाणी चाललं की कुरकुरते हो, मीठ सांडल्यासारखी." मावशी ऐकायच्या आणि बिल्ला टांगायच्या.

यंदा मात्र थांबून चालणार नव्हतं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर होडीत पाय दुमडून बसायचं विसरा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. म्हणून हंगामाची शेवटची होडी त्यांनी स्वतःच घेतली. वल्हवायला धाकटा दीर, जन्माचा नावाडी. काउंटरवर चार दिवसांसाठी बदली कारकून आला, मावशी रजेवर आहेत एवढंच माहीत असलेला आणि फळ्यावर देवासारखा विश्वास ठेवणारा.

पहिला दिवस मजेत गेला. "वहिनी, वल्हं पाण्यात मारायचं असतं, माझ्या पाठीत नाही," दीर म्हणाला.

"तुमची पाठच मधे येते, भावजी. आईंनी जरा कमी खायला घालायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा मुक्काम आला. दीर तंबू ठोकत होता. मुक्कामावर बिल्ला तंबूच्या खांबाला अडकवायचा, हा नियम मावशींनीच हजारदा लोकांना बजावलेला. त्यांनी गळ्याशी हात नेला. गळा मोकळा होता.

कचेरीतून निघतानाचं त्यांनी एकेक आठवलं. निघताना वहीत नोंद केली, बिल्ला काउंटरवर ठेवला, सही केली. मग काउंटरवर दिसलेला बिल्ला हाताने आपोआप उचलला आणि खिळ्याला टांगला. बावीस वर्षांचा हात तो.

"भावजी, फळा भरलाय. मीच भरलाय."

दिराच्या हातातला हातोडा थांबला. इथे फोन लागत नव्हता. भरलेला फळा बघून कारकुनाने कालच धरणाला फोन केला असणार. धरणाचं पाणी इथे पोचायला दीड-दोन दिवस, म्हणजे उद्या सकाळी.

दीर नदीकडे बघत म्हणाला, "तिसरा मुक्काम चार तासांवर आहे. आत्ता निघालो तर दिवेलागणीला पोचू. पाय टेकवा, मग बघू पुढचं."

"तिथे वर चढायला वाट आहे?"

त्याने हातोडा पिशवीत टाकला. दोन्ही बाजूंना उभे कडे, हे मावशींना शंभर जणांनी सांगितलेलं. आपण हो म्हटलं तर हा खरंच नेईल, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तंबूची खुंटी उपटली.

"होडी वर ओढा. मी पिशव्या घेते."

मुक्कामामागची डोंगराची वाट चढताना दर दहा पावलांवर त्या थांबत होत्या. दीर मागून म्हणत होता, "बसा हो, घाई नाही." चढ संपल्यावर सपाटीवर तंबू पडला.

सकाळी डोंगराच्या धारेवरून खाली नदीची पुढची तीन वळणं दिसत होती. तिसऱ्या वळणावर कड्याच्या पायाशी नखाएवढी फिकट कोर होती.

"तीच," दीर म्हणाला.

पांढरी का राखाडी, इतक्या लांबून कळत नव्हतं. वरच्या अंगाने गढूळ पाणी आलं, आवाज न करता. पहिलं वळण भरलं, दुसरं भरलं. कोर एका टोकाकडून बारीक होत गेली.

"चला वहिनी, ऊन व्हायच्या आत निघू."

"थांबा," मावशी म्हणाल्या. "अजून थोडी दिसतेय."