चिमूटभर सोडा

सोनाक्का सकाळी शाळेत आल्या की आधी कुणाशी बोलायच्या नाहीत. पदर खोचायचा, पातेल्यात विहिरीचं पाणी घ्यायचं, डाळ टाकायची आणि शेगडीसमोर उभं राहायचं. थोड्या वेळानं पळीवर एक दाणा घेऊन बोटात दाबायचा. दाणा लोण्यासारखा विरला की मग तोंड उघडायचं. "हं, आता बोल." तोवर आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, दारात येऊन उभ्या राहिल्या तरी त्यांनाही थांबावं लागायचं.

मी अक्कांच्या हाताखाली अकरा वर्षं होते. शाळेतल्या पोरांचं दुपारचं जेवण आम्ही दोघी करायचो. मी मूळची पर्वतीच्या पायथ्याची, चौथी शिकलेली. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पुणं लांब होतं. आता पुणंच इथवर आलंय. मालक मार्केट यार्डात हमाली करायचे. पाठीनं अंथरूण धरलं आणि दोन वर्षांत गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का घरी आल्या. रडल्या नाहीत, समजूत घातली नाही. माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, "उद्या साडेआठला शाळेत ये, शके. कांदा बारीक चिरता येतो न्हवं? रडायचं आसंल तर तितं रड, कुनी इचारनार न्हाई."

शाळेमागची विहीर अक्कांच्या सासऱ्यांनी खोदलेली. शाळा नंतर झाली. अर्धं गाव तिचं पाणी प्यायचं. बाळंतीण सव्वा महिन्यानं हळदकुंकू घेऊन त्याच विहिरीवर यायची आणि अक्का तिची ओटी भरायच्या. त्या पाण्याचा त्यांना फार ताठा. मला म्हणायच्या, "आमच्या पान्यात डाळ बोलता बोलता शिजती. तुमच्या पुन्यात कुकरनं शिट्या मारूनशान गल्ली जागी करावी लागती."

गावाच्या वरच्या अंगाला दगडाची जुनी खाण आहे. दगड संपला, खड्डा राहिला. मग त्यात शहरातला कचरा यायला लागला. आधी दिवसाला दोन गाड्या, मग गाड्यांची रांग. माशा आल्या, कुत्री आली, घारी आल्या. गावानं दोनदा गाड्या अडवल्या, दोनदा सोडल्या. पावसाळ्यात त्या ढिगाऱ्याखालून काळं पाणी पाझरायचं आणि ओढ्याला मिळायचं. ओढ्यात म्हशी घालायच्या लोकांनी बंद केल्या. विहीर मात्र नितळ. आतल्या पायऱ्या खालपर्यंत दिसायच्या. नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, एवढंच आम्हाला कळत होतं.

एका दिवाळीनंतर डाळ शिजेनाशी झाली. तासभर उकळली तरी दाणा बोटात टणक. अक्का पातेलं तसंच ठेवून वाण्याच्या दुकानात गेल्या. मी मागे.

"शेट, ही डाळ तुमच्या आज्याच्या लग्नातली उरलेली का?"

"अक्का, हीच डाळ सगळं गाव नेतंय. तक्रार तुमची एकटीची."

"बाकीच्यांचं दात चांगलं आसतील."

वाण्यानं डाळ बदलून दिली. तीही शिजेना. पुन्हा भांडण, पुन्हा नवीन पोतं. इकडे पोरं बाराला ताटं घेऊन बसायची, त्यांना काय सांगणार? मग अक्कांनी एक दिवस कनवटीची पुडी सोडली आणि डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकला. डाळ फुटली. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोरं उपाशी ऱ्हान्यापरीस बरं." पुढे चिमटीचा अर्धा चमचा झाला. बाकीच्या बायकांनी विचारलं तर अक्का त्यांनाही तोच उपाय सांगायच्या. घरोघर सोड्याच्या पुड्या गेल्या. मीही घातला. चहाचं दूध फाटायचं ते आम्ही गवळ्याच्या नावावर टाकलं. साबणाला फेस येईना, ते साबणाच्या नावावर.

त्या चार महिन्यांत पोरांची पोटं बिघडायला लागली. कुणाच्या अंगावर पुरळ, कुणाला उलट्या. अक्कांची नात तनू दुसरीत होती. ती जेवण टाकायला लागली. अक्का तिला पुढ्यात बसवून भरवायच्या आणि वर लोटीभर पाणी पाजायच्या. "पी गं. आपल्या घरचं पानी हाय."

होळीच्या सुमारास मी पर्वतीला बहिणीकडे गेले. जाताना तिच्यासाठी म्हणून वाण्याकडून त्याच पोत्यातली शेरभर डाळ घेतली होती. तिनं ती साध्या पातेल्यात नळाच्या पाण्यात टाकली. आम्ही बोलत बसलो, आणि उठून बघते तर डाळ मोडली होती. सोडा नाही, काही नाही. जेवताना मी दाणा बोटात दाबून बघत राहिले. बहीण म्हणाली, "अगं, मीठ कमी आहे का?" मी म्हटलं, नाही.

येताना पाच लिटरचा कॅन तिच्याकडच्या नळावर भरून बसमध्ये मांडीवर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगितलं तर त्या भडकल्या. "माझ्या सासऱ्याच्या विहिरीला नाव ठिवतीस? पुन्याची ती पुन्याचीच ऱ्हायलीस." मी दोन सारखी पातेली शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत तीच डाळ, एक एक मूठ. एकात कॅनमधलं पाणी, एकात विहिरीचं. अक्का नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. कॅनमधल्या पाण्यातली डाळ वर आली, फुटली, घोटली गेली. विहिरीच्या पाण्यातला दाणा त्यांनी तीन वेळा काढून दाबला. मग खाली बसल्या. मी त्यांना स्वयंपाकाच्या वेळी बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

पळी खाली ठेवून म्हणाल्या, "चार म्हैने पानी वरडत हुतं, शके. मी त्याच्या तोंडात सोडा कोंबला." मग म्हणाल्या, "दोनी शेगड्या बंद कर."

त्या दिवशी शाळेत जेवण झालं नाही. पोरांना मोठ्या बाईंनी केळी आणून दिली. अक्का दोन्ही पातेली दोन हातांत घेऊन चावडीवर गेल्या आणि गावासमोर ठेवली. लोक हसले. एक जण म्हणाला, "अक्का, पाणी आरशासारखं आहे. म्हातारपणी भलतं खूळ." दुसरा म्हणाला, "डाळ शिजली नाही म्हणून विहीर सोडायची?" अक्का म्हणाल्या, "पोरं माझ्या हातनं आजारी पडली. तुमच्या घरात सोडा म्याच घातला. आता म्याच सांगती, त्ये पानी पिऊ नगा." एवढं सगळ्यांदेखत बोलणं सोपं नव्हतं. ज्यांची पोरं आजारी होती त्यातल्या दोघी बायांनी तोंडावर शिव्या दिल्या. अक्कांनी मान खाली घालून ऐकून घेतल्या.

संध्याकाळी त्यांनी विळा घेतला आणि बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तोडून विहिरीच्या तोंडावर टाकल्या. विहिरीत कुणी जीव दिला तरच आमच्याकडे अशी काटेरी झापं टाकतात. त्यांचा मुलगा आडवा आला. "आये, आज्याची विहीर हाय." अक्का म्हणाल्या, "म्हनूनच मी झाकती. दुसऱ्या कुनी झाकली आसती तर तू काठी काडली आसतीस."

मोठ्या बाईंनी पाण्याच्या बाटल्या भरून तपासायला दिल्या. अहवाल यायला दीड महिना गेला. पाणी पिण्याजोगं नाही, कचऱ्यातलं पाणी जमिनीखालून झिरपत विहिरीला लागलंय, असं त्यात होतं. तनूला मधे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, ती घरी आली, पण तिचं ते वर्ष गेलं. कशानं झालं ते डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. अक्कांना सांगायची गरजही नव्हती.

मग टँकर आला. पुढे खूप खेटे घातल्यावर खाणीच्या कडेनं पक्की गटार झाली, काळं पाणी टाकीत धरायला लागले, नवीन गाड्या थांबल्या आणि जुन्या ढिगावर माती आली. मोठ्या बाई एकदा अक्कांना शहरातल्या एका सोसायटीत घेऊन गेल्या. तिथं खुर्च्या मांडलेल्या. अक्का उभ्यानंच बोलल्या, "ओला कचरा हितंच जिरवा. सेल, औषदाच्या बाटल्या, रंगाचं डबं त्यात मिसळू नगा. तुमी पिशवीची गाठ मारता, पर ती गाठ आमच्या दारात सुटती." एक बाई म्हणाल्या, "अहो आजी, आम्ही टॅक्स भरतो." अक्का म्हणाल्या, "मंग पावती द्या, विहिरीत टाकून बगती. पानी सुदारलं तर बरंच हाय." कुणी हसलं नाही. पण त्या सोसायटीत खताचा खड्डा झाला, हे मी नंतर बघितलं.

विहिरीचं पाणी मात्र सुधारलं नाही. दर वर्षी तपासायचं, दर वर्षी तेच. गावात लोकांचा धीर सुटत चालला होता. टँकर चुकला की कुणीतरी फांद्या बाजूला करून घागर भरायचं. अक्का दुसऱ्या दिवशी नव्या फांद्या टाकायच्या. हाताला काटे लागायचे, ते मी सुईनं काढायची.

गेल्या उन्हाळ्यात अक्का अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. शाळेतल्या पोरीही दारात उभ्या होत्या. घशात घरघर सुरू झाली तसा मुलगा तांब्या घेऊन उठला. म्हणाला, "आज्याच्या विहिरीचं दोन थेंब तोंडात घालतो. जन्मभर त्येच पानी प्याली." घरातली म्हातारी माणसं हो म्हणाली. आता तिला काय बाधणार?

अक्कांनी डोळे उघडले. माझं मनगट धरलं. आवाज फुटत नव्हता, मी कान लावला.

"नगं, शके. पोरी बगत्यात. त्यास्नी वाटंल, चालतं."

मी उठले. मोरीतल्या पिंपात टँकरचं पाणी होतं. त्यातलं चमचाभर घेतलं आणि सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडात घातलं.